पोर्ट्रेटमधला रंग: कपड्याचा की दिव्याचा?

माणसाची ओळख दाखवायची असेल तर माझा कौल कपड्याला. तो रंग त्यानं स्वतः निवडलेला, अंगवळणी पडलेला असतो. रोजचा मोरपंखी स्वेटर घातला की कॅमेऱ्यासमोरही खांदे आपोआप सैल पडतात. फक्त भडक लाल किंवा पोपटी कापडाची झाक हनुवटीखाली उतरते. ती नंतर काढणं फार जिकिरीचं.

दिव्यावरचा रंगीत जेल, म्हणजे दिव्यापुढे लावायचा पारदर्शक रंगीत कागद, मात्र मनःस्थिती बोलतो. एका गालावर निळा उजेड, दुसऱ्यावर उबदार पिवळा, आणि नाकाच्या कडेवर दोन्ही भेटतात. आतली घालमेल दाखवायला याहून नेमकं मला काही सापडलेलं नाही. पण व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळवणी) ऑटोवर नको, कॅमेरा तो निळाच पुसायला बघतो. ५५०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगछटेचं माप) आसपास पक्का करा. उलट ३२०० वर ठेवलात तर जेल नसतानाही फ्लॅशचा उजेड निळसर येतो. लाल जेल सगळ्यात अवघड: एकत्रित हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग, कधीच भरून गेलेला असतो आणि त्वचेचा पोत सपाट होतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, थोडं उतरवा.

जेल लावण्याआधी समोरच्याला विचारा, आज कसं वाटतंय. रंग त्याच्या उत्तरातून येऊ द्या.