आयल्ट्स जनरलच्या पत्रांचा सराव: पाच महिन्यांचा अनुभव

आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या जनरल ट्रेनिंग प्रकाराचं, केंब्रिजचं ऑफिशियल सराव पेपरचं पुस्तक ऑक्टोबरात घेतलं आणि मार्चपर्यंत जवळपास रोज वापरलं, म्हणून आता लिहितेय. कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवानगीसाठी, मला रायटिंगला (यात एक पत्र आणि एक निबंध असतो) ७ हवे होते, पहिल्या अटेम्प्टला ६ आले आणि खूप वाईट वाटलं कारण ग्रामर माझं बरं आहे.

चूक कुठे होती ते पुस्तकाच्या मागच्या पानांनी दाखवलं. तिथे परीक्षार्थींची उत्तरं आहेत, त्यांना किती बँड म्हणजे गुण मिळाला आणि का मिळाला ते परीक्षकांनी लिहिलंय. नुसतं आदर्श उत्तर वाचून काही कळत नाही, पण साधारण बँडचं उत्तर आणि त्याखालची कमेंट वाचली की आपलंच पत्र समोर दिसतं. प्रश्नात तीन मुद्दे दिलेले असतात, मी पहिल्या दोनवर भरपूर लिहायचे आणि तिसरा एका ओळीत उरकायचे. शिवाय टोन. आधी ज्या क्लासला जात होते तिथे पाठ करायला साचे दिले होते, त्यात आमच्या ऑफिसच्या ईमेलमधलं 'काइंडली डू द नीडफुल' मिसळायचं, आणि ते मी मैत्रिणीच्या पत्रातसुद्धा लिहायचे!

हे सुटलं आत्यामुळे. नौपाड्यात राहते, शाळेत शिकवायची. माझी वही वाचून म्हणाली, अगं हेच पत्र मराठीत लिहिलं असतंस तर समोरच्याला तू म्हणाली असतीस, तुम्ही की आपण? बस्स, तेव्हापासून प्रत्येक प्रश्नाशेजारी आधी पेन्सिलने तो एक शब्द लिहायचा. तू असेल तर नुसतं नाव आणि शेवटी बेस्ट विशेस, तुम्ही असेल म्हणजे घरमालक किंवा ओळखीचे साहेब तर मिस्टर-मिसेस आडनाव आणि युअर्स सिन्सिअरली, आपण असेल तर डिअर सर ऑर मॅडम आणि युअर्स फेथफुली. पत्ता लिहायचा नसतो, तसं प्रश्नातच सांगितलेलं असतं, शाळेतली सवय सोडा.

पुस्तकात चारच पेपर म्हणजे चारच पत्रं, ती महिन्यात संपली. मग ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीपर्यंत मनात विषय जुळवायचे, सोसायटीच्या सेक्रेटरींना टाकी गळतेय म्हणून, रेल्वेला हरवलेल्या बॅगेबद्दल, आणि रात्री घड्याळ लावून २० मिनिटांत लिहायचे. किमान १५० शब्द लागतात, मी १७०-१८० वर थांबायचे कारण निबंधाला पत्राच्या दुप्पट वजन आहे आणि त्याला ४० मिनिटं राखून ठेवायलाच हवीत.

तक्रार एकच, आपलं लिहिलेलं पुस्तक तपासून देत नाही, त्यासाठी माणूसच लागतो. मला आत्या होती, ज्यांना कोणी नाही त्यांनी निदान दोन-तीन पत्रं जाणकाराला दाखवावीत.

दुसऱ्या अटेम्प्टला ७ आले.

घेताना मात्र कव्हर नीट वाचा, अॅकॅडमिक या परीक्षेच्या दुसऱ्या प्रकाराचं पुस्तक दिसायला अगदी तसंच असतं आणि त्यात पहिल्या टास्कला पत्र नसतं, आलेख आणि तक्ते असतात.