एअर पिस्तूल: कारखान्यातून आले तसे ठेवावे, की हातानुसार बदलून घ्यावे?

स्टेयर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी किंवा फाइनवेर्कबाउ या कंपन्यांची १० मीटर स्पर्धेची एअर पिस्तुले मुळातच नेमबाजाला जुळवून घेता यावीत अशी बनवलेली असतात. मुठीचा तळहाताखालचा आधार वर-खाली सरकतो, ट्रिगरचे वजन (तो दाबायला लागणारा जोर) आणि टप्पे स्क्रूने ठरवता येतात, मागच्या साइटची (नेम धरण्याच्या खुणेची) खाच कमी-जास्त रुंद करता येते. म्हणून पिस्तूल नवे असताना तुलना करायची ती दोन गोष्टींची: निर्मात्याने दिलेल्या सोयींत राहून जुळवणी करणे, आणि त्यापलीकडे जाऊन कापणे, घासणे किंवा भर घालणे. माझे मत आधीच सांगतो. यंत्रणेला हात लावू नये. बदल करायचाच असेल तर तो मुठीत करावा, आणि तोही सावकाश.

मुठीला एवढे महत्त्व का, हे थोड्या गणिताने कळते. पुढच्या आणि मागच्या साइटमधील अंतर ३२० मिलिमीटर धरले, तर पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकल्यास १० मीटरवर पेलेट (एअर पिस्तुलाची छोटी गोळी) सुमारे ३१ मिलिमीटर बाजूला लागते. लक्ष्यावरचा संपूर्ण काळा भाग ५९.५ मिलिमीटर व्यासाचा आहे, म्हणजे अचूक केंद्रावर धरलेला नेमही त्याच्या कडेला जाऊन पोहोचतो. मूठ हातात दर वेळी सारखी बसली नाही, तर नेमबाज प्रत्येक शॉटला मनगट वळवून साइट सरळ करत राहतो, आणि साठ शॉटच्या फेरीत, थकवा वाढू लागल्यावर, हीच दुरुस्ती चुकू लागते. याची परीक्षा सोपी आहे. पिस्तूल भरलेले नाही याची खात्री करून, रेंजवरच, डोळे मिटून ते नेमाच्या उंचीवर आणावे आणि मग डोळे उघडून पाहावे. साइट बहुतेक वेळा खाचेच्या मध्यावर दिसत असेल, तर कारखान्याची मूठ तुम्हाला पुरेशी आहे. ती सतत एकाच बाजूला दिसत असेल, तर आधी मुठीचा कोन आणि तळहाताचा आधार बदलून पाहावा, लहान-मोठ्या मापाची मूठही लावून पाहावी. एवढे करूनही फरक पडला नाही, तरच प्रशिक्षकासमोर कानस हाती घ्यावी.

भर घालणे आणि घासणे यांत माझा कल भर घालण्याकडे आहे. इपॉक्सी पुट्टीचा थर चुकला तर खरवडून काढता येतो. मुठीचे घासलेले अक्रोडाचे लाकूड परत येत नाही. भर घालताना मात्र स्पर्धेच्या नियमांचे भान हवे. पिस्तूल मुठीसह ४२०×२००×५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे, त्याचे वजन १५०० ग्रॅमच्या आत राहिले पाहिजे, आणि मनगटाला मुठीचा आधार मिळता कामा नये. जाडीची ५० मिलिमीटरची मर्यादा अंगठ्याच्या टेकूपाशी सहज ओलांडली जाते, त्यामुळे प्रत्येक थरानंतर मोजमाप घ्यावे.

ट्रिगरच्या बाबतीत मला बदल करण्याची बाजू पटत नाही. नियमाने किमान ५०० ग्रॅम वजन लागते आणि कारखान्याची यंत्रणा ते नीट देते. स्प्रिंग बदलून किंवा आतले भाग घासून मिळणारा मऊपणा टिकेलच असे नाही, आणि वजन थोडे जरी घसरले तरी सामन्यानंतरच्या तपासणीत बाद होण्याची वेळ येते. स्क्रूने वजन ५१० ते ५२० ग्रॅमवर ठेवणे हाच शहाणपणा. शिवाय ऐन सामन्यात बिघाड झाला, तर मूळ यंत्रणेला मूळ सुटा भाग बसतो. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत २०२१ मध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला, तरी ती परतली आणि ५७५ गुणांसह बाराव्या क्रमांकावर राहिली. घरी घासलेल्या भागाची जोडी अशा वेळी कुठून आणणार?

बॅरलचा विचारही करू नये. पिस्तुलासोबत येणाऱ्या चाचणीच्या कागदावर पाच शॉटचे भोक एका पेलेटपेक्षा किंचित मोठे असते, आणि त्याहून सरस नेमबाजी माणसाच्या हातून होत नाही.

पॅरिसमध्ये २०२४ साली तुर्कस्तानचे युसुफ दिकेच नेमबाजीच्या खास चष्म्याविना रौप्यपदक जिंकले, तेव्हा साधनांची गरजच नाही असा समज पसरला. त्यांच्या हातात स्पर्धेचेच पिस्तूल होते, हे त्या कौतुकात विसरले गेले.

वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठी उत्तर सरळ आहे: मूठ कोरू नये, कारण हात वाढतो. पालकांनी तो खर्च पेलेट आणि सरावाकडे वळवावा. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर प्रकारात सुवर्ण मिळवले, त्याकडे पुढे वळणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की त्यातले ०.२२ इंची गोळीचे पिस्तूल अग्निशस्त्र आहे. तिथे ट्रिगरची किमान मर्यादा १००० ग्रॅम आहे, आणि दुरुस्ती किंवा बदलाचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे लागते.

मुठीवर काम करायचे ठरलेच, तर दुसरी मूठ विकत घेऊन तिच्यावर करावे आणि मूळ मूठ डब्यात जपून ठेवावी. पिस्तूल पुढे विकताना घेणारा तीच मागतो. वापरलेले पिस्तूल घेणाऱ्यानेही मूळ मूठ सोबत मिळते का, हे आधी विचारावे आणि हवेच्या सिलिंडरवरची वैधतेची तारीख स्वतः वाचून घ्यावी.