तुरीत बुडालेला अँटेना: विहिरीवरच्या लोरा संचाचे अकरा महिने

अंबड तालुक्यात आमची दोन एकर मोसंबी आहे. गावातल्या घरापासून विहीर सरळ रेषेत पावणेदोन किलोमीटर, ओढ्याकाठच्या खोलगटात. तिथं मोबाईलला रेंज नाही. चिंचेखाली उभं राहिलं तर एखादी कांडी येते आणि जाते. म्हणून सिमकार्डवर चालणारा स्टार्टर आम्ही दोन वर्षं वापरून शेवटी काढून टाकला. आमच्याकडे थ्री फेज लाईट आठवडाआड दिवसा आणि रात्री असते. रात्रपाळीच्या आठवड्यात दोन वाजता हातात बॅटरी आणि काठी घेऊन बांधावरून जायचं, मोटार टाकायची, पुन्हा पहाटे बंद करायला जायचं. घरातले वडीलधारे अण्णा सत्तरीचे झाले तरी हे काम सोडत नव्हते. पावसाळ्यात त्या वाटेवर साप असतात, हे मला झोप लागू देत नव्हतं.

जानेवारीत लोरा संच बसवला. लोरा म्हणजे सिमकार्डाशिवाय, थोड्या ताकदीत लांबवर छोटे निरोप पाठवणारा रेडिओ. विहिरीवर स्टार्टरला जोडलेला एक डबा, बागेत ओलावा मोजणारे दोन सेन्सर आणि गावातल्या घराच्या गच्चीवर गेटवे, म्हणजे त्यांचे निरोप घेणारा आणि आपले आदेश त्यांना पाठवणारा डबा. या अकरा महिन्यांत मोटार टाकायला रात्री कुणी गेलं नाही. घ्यावा का, असं विचारणाऱ्याला मी हो म्हणतो. पण बसवणाऱ्यानं जसा बसवून दिला तसाच ठेवला असता तर सप्टेंबरात मी हाच संच परत केला असता. तो का रुसला आणि कसा सुधारला, हे कळण्यासाठी मला त्याच्या पोटातलं तंत्र समजून घ्यावं लागलं.

या तंत्राला स्प्रेड स्पेक्ट्रम म्हणतात. नेहमीचा रेडिओ आपला सगळा जोर एका अरुंद पट्टीत ओततो. स्प्रेड स्पेक्ट्रम उलट करतो. निरोप छोटा असला तरी तो गरजेपेक्षा कितीतरी रुंद पट्टीवर पसरवून पाठवतो. पसरल्यामुळे प्रत्येक ठिकाणी त्याची ताकद इतकी पातळ होते की तो हवेत कायम असणाऱ्या रेडिओच्या खरखरीत बुडून जातो. मग तो ऐकू कसा येतो? मला हे भजनावरून उमगलं. रात्री लांबच्या गावातून स्पीकरचा आवाज वाऱ्यावर तुटक येतो. नवख्या माणसाला त्यात नुसता गलका ऐकू येतो. पण ज्याला भजन पाठ आहे तो दोन-चार तुटक्या सुरांवरून कोणतं कडवं चाललंय ते सांगतो, कारण पुढे काय येणार हे त्याच्या मनात आधीच असतं. रिसीव्हरचंही तसंच. पाठवणाऱ्यानं कोणत्या नमुन्यानं पसरवलंय हे त्याला पाठ असतं. तो आलेल्या गलक्यावर तो नमुना ठेवून बघतो. जुळलं की पसरलेली ताकद एका जागी गोळा होते. खरखर मात्र कोणत्याच नमुन्यानं आलेली नसते, म्हणून ती विखुरलेलीच राहते. खळ्यावर उफणताना दाणे एका जागी पडतात आणि भुसा वाऱ्यावर जातो, अगदी तसं.

पसरवायच्या रीती वेगवेगळ्या आहेत. एक म्हणजे उड्या मारणं. 1942 साली हेडी लामार ही अभिनेत्री आणि जॉर्ज अँथाईल हा संगीतकार या दोघांना याचं पेटंट मिळालं. शत्रूला टॉर्पेडोचा रेडिओ जाम करता येऊ नये म्हणून पाठवणारा आणि घेणारा दोघांनी एकाच वेळी फ्रिक्वेन्सी बदलत राहायची. त्यांनी पियानोच्या पट्ट्यांइतक्या 88 फ्रिक्वेन्सी सुचवल्या होत्या. आज आपल्या कानातला ब्लूटूथ 79 वाहिन्यांवर सेकंदाला 1600 उड्या मारतो. दुसरी रीत म्हणजे प्रत्येक बिटावर वेगवान सांकेतिक क्रम चढवणं. जीपीएसचा उपग्रह 20,200 किलोमीटरवरून बोलतो आणि त्याचा आवाज जमिनीवर येईपर्यंत खरखरीच्याही खाली गेलेला असतो. तरी 1023 तुकड्यांचा ठरलेला क्रम दर मिलिसेकंदाला फिरत असल्यामुळे मोबाईल तो हुडकून काढतो. वीस वर्षांपूर्वी आमच्या गावात किराणा दुकानात अँटेनाचा बिनतारी लँडलाईन आला होता, तो सीडीएमए. एकाच पट्टीत सगळे एकदम बोलायचे, प्रत्येकाचा क्रम वेगळा. तेव्हा आम्हाला त्यात फक्त बिल स्वस्त आहे एवढंच कळलं होतं.

लोराची रीत तिसरी, आणि शेतकऱ्याला सगळ्यात जवळची. शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची असेल तर आपण शब्द झटकन बोलत नाही. 'ओऽऽऽ' अशी लांब हाळी देतो, आणि सूर खालून वर चढत जातो. वाऱ्यानं मधला तुकडा खाल्ला तरी ऐकणाऱ्याला चढण ओळखू येते. लोराचा प्रत्येक ठोका अशीच चढती हाळी असतो. त्याला चर्प म्हणतात. आमच्या संचात ती 125 किलोहर्ट्झ रुंदीच्या पट्टीत खालून वर सरकते. माहिती असते ती चढण कुठून सुरू झाली यात. पट्टीच्या मधूनच सुरू झाली तर वरच्या टोकाला पोचल्यावर ती खालून पुन्हा चढते. रिसीव्हर आलेल्या चढणीला तेवढीच उतरण लावून बघतो. त्यानं सगळी ताकद एका फ्रिक्वेन्सीवर येऊन बसते, आणि ती फ्रिक्वेन्सी कोणती यावरून आकडा कळतो. हे तंत्र फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सायक्लिओ या छोट्या कंपनीत घडलं. 2012 साली सेमटेक या चिप बनवणाऱ्या कंपनीनं ती विकत घेतली.

हाळी किती लांबवायची, ते एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर) नावाच्या आकड्यानं ठरतं. तो सहसा 7 ते 12 असतो. एसएफ 7 ला एक ठोका 1 मिलिसेकंदाचा, एसएफ 12 ला जवळपास 33 मिलिसेकंदांचा. आकडा एकानं वाढला की ठोका दुप्पट लांब. लांबवल्याचं फळ असं की एसएफ 7 ला आवाज खरखरीपेक्षा साडेसात डेसिबल खाली असेपर्यंत ऐकू येतो, आणि एसएफ 12 ला 20 डेसिबल खाली असला तरी. 20 डेसिबल खाली म्हणजे खरखरीच्या शंभराव्या हिश्शाइतका. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. आमच्या डब्याची ताकद एका वॉटचा दहावा हिस्सा आहे. मोबाईल फोन जुन्या टू-जीवर 2 वॉटपर्यंत जोर लावायचा, आणि तरी ओढ्यात पोचत नव्हता.

याची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि आमची पहिली अडचण तिथंच होती. बसवणाऱ्यानं सगळंच एसएफ 12 वर ठेवलं होतं, 'लांब जातंय, काळजी नको' म्हणून. वीस बाईटचा छोटा निरोप एसएफ 12 वर सव्वा सेकंदाहून जास्त वेळ हवेत राहतो. एसएफ 7 वर तोच एका सेकंदाच्या सतराव्या हिश्शात संपतो. जेवढा वेळ हवेत, तेवढा वेळ बॅटरी जळते. उन्हाळ्यात हे काही जाणवलं नाही. शेतं रिकामी, हवा कोरडी, ॲपमध्ये सिग्नल खरखरीपेक्षा 9 डेसिबल खाली दिसायचा, म्हणजे 11 डेसिबल शिल्लक. मे महिन्यात मी सगळ्यांना हा संच दाखवत फिरत होतो.

जूनमध्ये मधल्या रानात शेजाऱ्यांची तूर पेरली गेली आणि त्यापलीकडे ऊस होताच. ऑगस्टपर्यंत सिग्नल 14 खाली गेला. सप्टेंबरात पाऊस लागून राहिला, तेव्हा 18-19 खाली. पानावर पाणी आणि वितभर ओली जमीन, सगळं मिळून लहरी पिऊन टाकतं. उत्तर आलं नाही की डबा तोच निरोप तीन-तीनदा पाठवायचा. एकीकडे निरोप गळत होते, दुसरीकडे डब्याची बॅटरी झपाट्यानं उतरत होती. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरेल असं सांगितलेली बॅटरी ऑक्टोबर उजाडायच्या आत संपली.

त्याच दिवसांत एक खरा धोका झाला. मी मोटार बंदचा आदेश दिला. मोटारीनं तो ऐकला की नाही याचं उत्तर आलं नाही, पण ॲपनं मात्र 'बंद' असं दाखवलं. मोटार चालूच होती. विहिरीत तेव्हा पाणी होतं म्हणून निभावलं. एप्रिलमध्ये हे झालं असतं तर कोरडी चालून मोटारीच्या आतलं वाइंडिंग जळालं असतं. घेणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं आहे: आदेश पाठवला आणि आदेश पाळला या दोन गोष्टी स्क्रीनवर वेगळ्या दिसल्या पाहिजेत. कोरडी मोटार बंद करणारं आणि ठरलेल्या तासानंतर आपोआप बंद करणारं संरक्षण विहिरीवरच्या डब्यातच असलं पाहिजे, घरातल्या गेटवेच्या भरवशावर नाही. रेडिओ कितीही चांगला असला तरी एखादा निरोप हरवणारच.

दसऱ्याला भाचा आला. त्यानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. त्यानं ॲपमधले आकडे पाहिले, विहिरीवर गेला आणि आल्या आल्या म्हणाला, "मामा, रेंज कमी नाही. तुमचा अँटेना तुरीत बुडालाय."

अण्णा म्हणाले, "आरं, पण लहरी पिकातून जात नाहीत का? मग कामून सांगतात का आरपार जातं म्हणून?"

त्यानं अण्णांना समजावलं ते मला आजही आठवतं. लहर दोन अँटेनांच्या मधून सुतळीसारखी सरळ जात नाही. तिला मधोमध फुगलेली, लांबट काकडीसारखी मोकळी जागा लागते. आपली फ्रिक्वेन्सी 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या पट्टीतली, ती भारतात लायसन्सशिवाय वापरता येते. त्या फ्रिक्वेन्सीला पावणेदोन किलोमीटरवर मध्यभागी ही फुगवटी सगळ्या बाजूंनी 12 मीटर असते. डबा चार फुटांवर, भोवती सहा फुटांची तूर. म्हणजे खालचा सगळा भाग जमिनीत आणि पिकात.

वीस फुटी जीआयचा पाईप उभा केला. इथं आमची एक चूक झाली. डबा खालीच ठेवला आणि बारीक केबलनं फक्त अँटेना वर नेला. फरक जेमतेम पडला. ती बारीक केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे जवळपास 1 डेसिबल खाते. सहा मीटरला सहा, म्हणजे ताकदीचा चौथा हिस्सा उरला. मग स्टार्टरपाशी फक्त रिले, म्हणजे मोटार चालू-बंद करणारा स्विच ठेवला, रेडिओचा डबाच वर नेला, अँटेना त्याला थेट लावला आणि पाईपाला नीट अर्थिंग केलं. सिग्नल आता खरखरीपेक्षा फक्त 3 डेसिबल खाली राहिला. तूर तीच, ऊस तोच.

एवढी शिल्लक मिळाल्यावर एसएफ 12 ची गरजच उरली नाही. भाच्यानं एसएफ 9 केलं. त्याला साडेबारा डेसिबल खालपर्यंत ऐकू येतं, आपण तीनवर, म्हणजे पावसाळ्यालाही पुरेशी जागा. निरोपाचा वेळ सातपट कमी झाला आणि तीन-तीनदा पाठवणंही थांबलं. नवी बॅटरी टाकून अडीच महिने झाले, तिचा आकडा हललेला दिसत नाही.

शेजारच्या पाटलांनी आमचं पाहून तसाच संच घेतला. दोघांचे निरोप अधूनमधून एकमेकांवर आदळू लागले. एकाच वाहिनीवर, एकाच एसएफवर, एकाच वेळी दोन हाळ्या आल्या की सहसा जवळची मोठी हाळी तेवढी ऐकू येते, दुसरी हरवते. त्यांचं एसएफ 10 केलं आणि वाहिनीही बदलली. वेगळ्या एसएफची चढण वेगळ्या उताराची असते, त्यामुळे ती आमच्या रिसीव्हरला बहुतेक खरखरीसारखीच वाटते. पूर्ण नाही, त्यांचा डबा आमच्या गेटवेला फार जवळ असता तर त्रास झालाच असता. म्हणून वाहिनी बदलणं गरजेचं होतं.

ज्यांना बागेत कॅमेरा हवाय त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. सेकंदाला काहीशे ते काही हजार बिट, एवढीच याची धाव. ओलावा, पाण्याची पातळी, मोटार चालू-बंद, व्होल्टेज यांना तेवढं भरपूर होतं.

सेन्सरचा खरा उपयोग आता होतोय. आंबे बहारासाठी झाडांना ताण दिलाय, म्हणजे फूट यावी म्हणून पाणी तोडलंय. आमच्याकडे ताण पानांकडे बघून मोजतात. पानं सुकून मलूल झाली, थोडी गळायला लागली, की ताण बसला. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात डोळ्यांदेखत बागाच्या बागा वाळल्या. तेव्हापासून अण्णा ताण देताना घाबरतात आणि दरवर्षी लवकर पाणी सोडून बसतात. फूट पुरेशी येत नाही. यंदा वरच्या वाफ्यातल्या सेन्सरचा ओलाव्याचा आकडा खूप खाली गेलाय. ओढ्याकाठच्या सेन्सरला अजून बरीच ओल दिसतेय. तिथली जमीन भारी काळी आहे, ओल धरून ठेवते. पानांवरून दोन्हीकडे सारखंच वाटत होतं. काल अण्णांनी दोन्ही आकडे दोनदा विचारून घेतले आणि म्हणाले, "वरच्याला आधी सोडू. खालच्याला अजून आठ दिवस राहू दे."