वाढीव ओझ्यासाठी गाडीच्या स्प्रिंगा : कोकणातल्या वापराच्या दृष्टीने पर्यायांची तुलना

गाडी मागून बसू लागली की जाड स्प्रिंगा घालून टाकाव्यात, हा सल्ला रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कोणत्याही गॅरेजात मिळतो. तो सरसकट मानण्याजोगा मात्र नाही. ओझे किती आहे याइतकेच ते वर्षातून किती काळ गाडीवर असते याला महत्त्व आहे, आणि कोकणात हा दुसरा प्रश्न अधिक बारकाईने विचारावा लागतो. देवगडच्या बागायतदाराची पिकअप मार्चपासून मेअखेरपर्यंत आंब्याच्या पेट्यांनी भरलेली असते, पण उरलेले बरेच महिने तिच्या हौद्यात खताची दोन-चार पोती किंवा नुसती ताडपत्री असते. तारकर्लीत डायव्हिंगचे सिलिंडर आणि कॉम्प्रेसर वाहणारी गाडी पावसाळा सोडला तर जवळजवळ रोज भरलेली असते. पोलादी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे दोराचे यंत्र) आणि छतावरचा तंबू कायमचा बसवलेल्या थारवर तर ते ओझे बाराही महिने राहते, मालक एकटाच बाजाराला निघाला तरी. या तिघांना एकच स्प्रिंग सुचवता येत नाही.

खरेदीआधी गाडी वजनकाट्यावर न्यावी. नेहमीची माणसे आणि नेहमीचे सामान घेऊन, शक्य असल्यास पुढची व मागची चाके वेगवेगळी तोलून घ्यावीत आणि आलेला आकडा नोंदणीपत्रात किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या कमाल मर्यादेशी ताडून पाहावा. पाच दरवाजांच्या जिम्नीचे रिकामे वजन सुमारे 1,200 किलो आणि भरलेल्या गाडीची मर्यादा 1,545 किलो आहे. सत्तर किलोची चार माणसे बसली की 280 किलो तिथेच संपतात, आणि उरलेल्या साठ-पासष्ट किलोंत विंचसकट पोलादी बंपरही बसत नाही. स्प्रिंग बदलल्याने ही मर्यादा वाढत नाही, कारण एक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर आणि चेसी मूळचेच राहतात. स्प्रिंग केवळ गाडीची उंची आणि तोल सावरते. हे न समजता केलेला खर्च गाडीला धोक्यात घालतो, म्हणून पुढची सारी तुलना या मर्यादेच्या आतल्या ओझ्यापुरतीच आहे असे समजावे.

ओझे कोठे ठेवले आहे यानेही हिशेब बदलतो. तीन दरवाजांच्या थारच्या दोन एक्सलमधले अंतर 2,450 मिलिमीटर आहे. मागच्या एक्सलच्या 900 मिलिमीटर मागे 50 किलोची वस्तू टांगली तर मागच्या एक्सलवर सुमारे 68 किलो येतात आणि पुढच्या एक्सलवरचे 18 किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग ढिले वाटते आणि ओल्या रस्त्यावर पुढची पकड घटते. पुष्कळदा डिझेलचा कॅन आणि पाण्याची टाकी मागच्या दारावरून काढून सीटच्या पाठीशी ठेवली तरी स्प्रिंग बदलण्याची गरज उरत नाही.

आता कॉइल स्प्रिंगांकडे, म्हणजे तारेच्या गोल वेढ्यांच्या स्प्रिंगांकडे वळू. 2020 नंतरची थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर यांच्या मागच्या बाजूस याच स्प्रिंगा आहेत. कॉइलचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. बाकी मापे तीच ठेवून तार 13 ऐवजी 14 मिलिमीटरची घेतली तर स्प्रिंग सुमारे 35 टक्के कडक होते. दुकानात दिसणारा एक मिलिमीटरचा फरक म्हणूनच किरकोळ मानू नये. परंतु कडकपणाने उंची किती राखली जाते हे तपासले तर वेगळेच चित्र दिसते. मागच्या प्रत्येक स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबण्यास 30 न्यूटन बल लागते आणि स्प्रिंग थेट एक्सलवर आहे असे धरू. मागे 300 किलो वाढले की गाडी सुमारे 49 मिलिमीटर बसेल. स्प्रिंग 40 न्यूटनची घेतली तर ती 37 मिलिमीटर बसेल. स्प्रिंग तिसऱ्या हिश्शाने कडक करूनही फरक पडला तो फक्त 12 मिलिमीटरचा. भरलेली गाडी मूळ उंचीला येते ती मुख्यतः नव्या स्प्रिंगची मोकळी लांबी अधिक ठेवलेली असते म्हणून. तीच गाडी रिकामी झाली की मागून उंच उभी राहते, आणि रखडलेल्या कामांमुळे उखडलेल्या मुंबई–गोवा महामार्गावर तिचा प्रत्येक धक्का पाठीच्या मणक्याला कळतो.

म्हणून जड कॉइल स्प्रिंग ज्याच्या गाडीवर कायमचे ओझे आहे त्यानेच घ्यावी, आणि तीही त्या ओझ्याला जुळणाऱ्या वजनगटाचीच. चांगल्या कंपन्या एकाच गाडीसाठी दोन-तीन वजनगटांच्या स्प्रिंगा देतात. पुढे विंच असेल तर पुढच्या स्प्रिंगा एका गटाच्या आणि मागच्या दुसऱ्या गटाच्या घेणे योग्य ठरते. निवडताना मन मोठ्या आकड्याकडे ओढ घेते, पण दोन गटांमध्ये गाडी अडकली तर खालचा गट घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

जड स्प्रिंगेबरोबर शॉकअप बदलणे ऐच्छिक मानू नये. दाबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरण्याचे काम शॉकअपचे असते, आणि मूळचा शॉकअप मूळच्या स्प्रिंगेपुरताच बनवलेला असतो. कडक स्प्रिंगेवर तो अपुरा पडतो, गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा हेलकावे खाते, आणि करूळ किंवा आंबोली घाटाच्या वळणावर असे हेलकावे खाणारी जड गाडी चालकाच्या हाती राहत नाही. पैसे एकदम जमत नसतील तर थांबावे, पण फक्त स्प्रिंगा घालून निघू नये.

ज्यांचे ओझे हंगामी आहे त्यांच्यासाठी कॉइलच्या आत बसवायच्या हवेच्या पिशव्या हा मला सर्वांत समंजस पर्याय वाटतो. मूळची स्प्रिंग तशीच राहते. पर्यटक आणि त्यांचे सामान घ्यायचे असेल त्या दिवशी पिशवीत हवा भरायची आणि परत आल्यावर उतरवायची. बहुतेक पिशव्यांना 5 ते 35 पीएसआय एवढाच दाब चालतो, आणि रिकाम्या गाडीतही किमान दाब ठेवावा लागतो, नाहीतर पिशवी स्प्रिंगेच्या वेढ्यांत चिमटून फाटते. त्यांचा कमकुवतपणाही सांगितला पाहिजे. खडकाळ वाटेवर एक चाक खूप खाली लोंबते आणि दुसरे पूर्ण दाबले जाते, तेव्हा पिशवीवर ताण येतो. नळी चिखलात उघडी राहिली तर एखाद्या काटकीने निघून येते. काही गाड्यांत पिशवीला जागा करण्यासाठी बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दाबली गेली की धक्का झेलणारा रबरी ठोकळा) कापावा लागतो, आणि मग पिशवी फुटल्यास शेवटचा आधारच उरत नाही. कातळसड्यावर नेहमी गाडी घालणाऱ्याने पिशव्यांचा विचार करू नये. डांबरी रस्त्यावर भरलेल्या गाडीने घाट चढणाऱ्याने जरूर करावा. पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, असलेल्या पिकअपमध्ये अशीच पिशवी चेसी आणि एक्सलच्या मध्ये बसवतात. तिथे मात्र पाट्याच्या दोन टोकांवर वाटला जाणारा भार चेसीच्या एका बिंदूवर येतो, आणि हौद्याच्या मागच्या टोकाला जड सामान असेल तर चेसी वाकण्याची भीती असते.

कॉइलच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर स्वस्त मिळतात. ते जिथे बसतात तिथले वेढे काम करेनासे होतात आणि उरलेल्या वेढ्यांवर जादा ताण येतो, त्यामुळे त्यांची शिफारस करता येत नाही.

कमानपाट्यांचा विषय मोठा आहे, कारण कोकणात राबणाऱ्या गाड्या बहुतेक याच जातीच्या आहेत. बोलेरो आणि तिची पिकअप, 2020 पूर्वीची थार, व्ही-क्रॉस आणि हायलक्स यांना मागे पाटे आहेत. जिप्सीला तर चारही चाकांवर पाटेच आहेत. ओझे हंगामी असेल तर पाट्यांसारखी सोय नाही. खालचा जाड हेल्पर पाटा रिकाम्या गाडीत अधांतरी राहतो आणि गाडी भरली की वरच्या पाट्यांना टेकून भार उचलू लागतो. आंब्याची पाच डझनांची पेटी, फळ सरासरी 250 ग्रॅमचे धरले तर, नुसत्या फळांनीच 15 किलोंची होते. अशा तीस पेट्या म्हणजे साडेचारशे किलो फळ, आणि लाकूड व पेंढा वेगळा. हे ओझे अडीच-तीन महिनेच असते, त्यामुळे मऊ मुख्य पाटे आणि उशिरा टेकणारा हेल्पर ही रचना बागायतदाराला सर्वांत जवळची आहे.

गॅरेजवाले बहुधा तीन मार्ग सुचवतात. पहिला मार्ग जुन्या संचात एक पाटा वाढवण्याचा. पाच सारख्या पाट्यांत तसाच सहावा घातला तर कडकपणा साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो, पण जुने पाटे थकलेले असतील तर नवा पाटा एकटाच भार ओढतो आणि लवकर तुटतो. शिवाय वाढवलेला पाटा नेमका किती जाडीचा आहे हे पाहावे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढतो, म्हणजे 6 मिलिमीटरऐवजी 7 मिलिमीटरचा पाटा एकटा सुमारे 59 टक्के अधिक कडक असतो. दुसरा मार्ग जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देण्याचा. तो सर्वांत स्वस्त आहे, पण तापवून ठोकलेल्या पाट्याला नंतर योग्य पाणी दिले गेले नाही, म्हणजे पोलाद नीट कडक केले गेले नाही, तर तो काही महिन्यांतच पुन्हा सपाट होतो. तिसरा मार्ग पूर्ण नव्या संचाचा, आणि गाडी चार-पाच पावसाळे राबलेली असेल तर मी त्याच मार्गाची शिफारस करतो. खर्च अधिक होतो, पण सारे पाटे एकाच वयाचे आणि एकाच पोलादाचे मिळतात. बुश आणि शॅकलच्या (पाट्याचे टोक चेसीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याच्या) पिना त्याच वेळी नव्या घालाव्यात. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट जुने परत वापरू नयेत, कारण एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढा आवळ धरत नाही.

जुन्या थारला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळले जाऊन स्प्रिंगेचे काम करणारे पोलादी दांडे आहेत. ते आवळून गाडीचे नाक वर उचलता येते, मात्र त्याने कडकपणा वाढत नाही. चाकाचा खाली जाण्याचा प्रवास तेवढा कमी होतो. पुढे विंच कायमचे असेल तर जाड टॉर्शन बारच घ्यावे लागतात.

खाऱ्या हवेचा हिशेब परगावच्या सल्ल्यात सहसा नसतो. पोलाद गंजून त्याला बारीक खड्डे पडले की तिथूनच तडा सुरू होतो. कॉइल स्प्रिंगेचा खालचा वेढा जिथे बसतो त्या वाटीत वाळू आणि तांबडी माती साचते, लेप खरवडला जातो आणि स्प्रिंग बहुधा तिथेच मोडते. पाट्यांमध्ये ओल सापटीत शिरून राहते आणि गंज पाट्यांना एकमेकांपासून दूर रेटतो. हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरातून मासळी नेणाऱ्या गाडीच्या हौद्यातून खारट बर्फाचे पाणी थेट पाट्यांवर गळत राहते. अशा गाडीने महागडा संच घेण्याआधी हौद्याला पाणी बाहेर सोडणारी नळी बसवावी, कारण संचाचे आयुष्य त्या नळीवर ठरते. बंदरावर किंवा जेट्टीवर जाऊन आल्यावर खालून गोड्या पाण्याचा फवारा मारणे आवश्यक आहे. पुळणीवर गाडी उतरवणे मात्र टाळावेच. अनेक किनाऱ्यांवर त्याला मनाई आहे आणि वेळास, आंजर्ले येथे तिथेच कासवांची अंडी असतात.

काम झाल्यावर गॅरेजातून निघण्यापूर्वी एक तपासणी कधीही सोडू नये. अनेक पिकअप गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब नियंत्रित करणारा एक व्हॉल्व्ह असतो, तो एका दांडीने मागच्या एक्सलला जोडलेला असतो आणि गाडी किती बसली आहे त्यावरून ओझे ओळखतो. स्प्रिंगांनी गाडी उंच ठेवली की हा व्हॉल्व्ह भरलेल्या गाडीलाही रिकामी समजतो आणि मागच्या ब्रेकला कमी दाब देतो. दांडी नव्या उंचीला जुळवून घेतली नाही तर आंबा घाट उतरताना सारा भार पुढच्या ब्रेकवर पडतो. हेडलाइटचा झोतही त्याच वेळी भरलेल्या गाडीवर जुळवून घ्यावा.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मर्यादेपेक्षा जादा भार वाहिल्यास 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. गाडी उंच करणाऱ्या संचापेक्षा मूळ उंची राखणारा संच घेणे यासाठीही इष्ट आहे, आणि काम करण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी कळवून तिचे उत्तर जपून ठेवावे. नवे पाटे बसवल्यावर पहिल्या 500 ते 1,000 किलोमीटरमध्ये ते दबून बसतात, तेव्हा गाडी भरलेली असतानाच यू-बोल्ट ठरलेल्या मापाला पुन्हा आवळून घ्यावेत.