आजऱ्यात अकरा महिने: घर बघायला डिसेंबरात जाऊ नका

पुण्यातला फ्लॅट भाड्यानं देऊन गेल्या डिसेंबरात आम्ही नवराबायको कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याला आलो. माझं काम लॅपटॉपवरचं. घर बघितलं तेव्हा कोवळं ऊन, अंगणात फणस, भाडंही किरकोळ. लगेच हो म्हटलं. तीच चूक. इथलं घर जुलैत बघावं.

इथला पाऊस म्हणजे कोल्हापूर शहरातला पाऊस नव्हे. धो धो पावसाची आंबोली पलीकडंच आहे. जूनच्या तोंडावर शेजारच्या मावशी सांगून गेल्या, "कपाट पश्चिमेच्या भितीला लावू नगासा. आणि ती भित झाकून घ्या बाहेरनं." मी हसण्यावारी नेलं. महिन्याभरात कपाटामागं हिरवट बुरशी, लग्नातल्या कोटावर पांढरी, आणि कोल्हापुरी चप्पल सादळलेल्या पापडासारखी. मग भर पावसात शिडी लावून ताडपत्री ठोकली. लोक मे महिन्यात करतात ते काम मी जुलैत केलं, गल्लीची तेवढीच करमणूक!

वीज जाते. फांदी तारेवर पडली की दिवस गेला. इन्व्हर्टर घ्याच, पण चार तासांत तोही मान टाकतो, म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं आणि गाडीतला चार्जर. माझ्या निम्म्या मीटिंगा गाडीत बसून झाल्यात.

दवाखान्याचा विचार मात्र आधी करा, विशेषतः घरात म्हातारं माणूस असेल तर. ताप-सर्दीला गावात डॉक्टर आहेत. त्यापुढं गडहिंग्लज, विसेक किलोमीटर. त्याहीपुढं कोल्हापूर, ८० च्या वर. ऑगस्टमध्ये बायकोच्या पोटात रात्री दोनला कळा सुरू झाल्या. गावातल्या एका दवाखान्यात बेल वाजवून दार उघडलं नाही. शेवटी शेजाऱ्यांचा मुलगा बनियनवरच गाडी काढून आला. नेहमीचा रस्ता धरत होतो, तर म्हणाला, "साळगावचा बंधारा पाण्याखाली हाय, तिकडनं नको." मॅपवर तो रस्ता सुरूच दिसत होता.

या शेजाऱ्यांचाच पहिले दोन महिने वैताग होता. कुठलं तुम्ही, भाडं किती, पोरंबाळं का नाहीत? आठवड्यात सगळ्यांना सगळं ठाऊक. त्या रात्रीनंतर मी भाडंही सांगून टाकतो.

पार्सल उशिरा येतं, बाकी काही अडत नाही. इकडं हत्ती येतो म्हणतात, ते मात्र खरं आहे. तालुक्यात टस्कर, म्हणजे सुळेवाला हत्ती, फिरतो, आणि तो आसपास असला की रात्री शेताकडं जाऊ नका असा मेसेज येतो.

घनसाळ हा इथला वासाचा तांदूळ खायचा तर शेतकऱ्याकडूनच घ्या. जीआय, म्हणजे इथलाच माल असल्याचं भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्या नावाखाली काहीही खपतं. शिजताना वास शेजारच्या घरात गेला पाहिजे.

करार याच महिन्यात संपतोय. मालकांना विचारलं, पश्चिमेला पडवी काढून देता का? म्हणाले, "देतो की. भाडं वाढंल."

वाढू दे.