सिंक न करताच लावलेलं सिंकचं बिल

बिलात तीन ओळी होत्या: कार्बोरेटर ओव्हरहॉल, दोन रिपेअर किट आणि कार्ब सिंक. गाडी म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल, प्रत्येक सिलिंडरला आपापला कार्ब (कार्बोरेटर). दोन्ही कार्ब सारखेच उघडतील असं जुळवणं म्हणजे सिंक. स्लोवर, म्हणजे थ्रॉटल सोडलेलं असताना, इंजिन अडखळायचं, थोडं थ्रॉटल दिलं की झटके यायचे आणि हँडल थरथरायचं. गाडी परत मिळाली तेव्हा ती बंद पडत नव्हती हे खरं, पण स्लो चढा वाटत होता. "गरम झाली की बसेल," असं मेकॅनिकचं म्हणणं. गरम झाल्यावर स्लो आणखीच चढला.

ही चलाखी समजून घ्या, कारण ती फार सोपी आहे. दोन बटरफ्लायपैकी, म्हणजे कार्बमधल्या हवेच्या झडपांपैकी, एक जास्त मिटलेली असली, तर स्लोवर एक सिलिंडर काम करतो आणि दुसरा नुसता फरफटत जातो. स्लोचा स्क्रू पिळला की दोन्ही एकदम उघडतात. त्यांच्यातला फरक जातो कुठेच नाही, पण फट मोठी झाली की तेवढाच फरक इंजिनला कमी जाणवतो. अडखळणं थांबतं, गिऱ्हाईक खूश होतं. एका स्क्रूड्रायव्हरचं काम, तेही टाकी न काढता.

खऱ्या सिंकला मॅनिफोल्डवरच्या (कार्ब आणि सिलिंडरमधल्या वाटेवरच्या) व्हॅक्यूमच्या निपलना नळ्या जोडाव्याच लागतात. म्हणून मी आधी तिथेच पाहिलं. दोन्ही निपलांवरच्या रबरी टोप्यांवर जुना चिकट मळ तसाच होता, कडेच्या भेगांतही भरलेला. एक टोपी ओढली तर ती निपलला धरून बसलेली, निघताना फाटलीच. दोन कार्बमधल्या सिंक स्क्रूवरचा रंगाचा ठिपकाही अखंड होता, स्क्रू फिरवला असता तर तो तुटला असता.

पण ठिपका अखंड म्हणजे सिंक चुकलंय असं होत नाही. मुळात ते बरोबर असेल, तर स्क्रूला हात लावायची गरजच पडत नाही. म्हणून मोजायचं ठरवलं. पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी घेतली, लाकडी फळीवर यू आकारात बांधली, मध्ये मोजपट्टी लावली आणि तळाला टू-स्ट्रोक ऑइल भरलं. पाणी भरू नका, आणि पारा तर मुळीच नको, त्याची वाफ विषारी असते. फरक फारच मोठा असला तर इंजिन नळीतला द्रव ओढून घेतं. तेल थोडं गेलं तर धूर होऊन जळून जातं. नळी लांब घ्यायची ती याचसाठी. गवंडी लेव्हल बघायला वापरतात त्या नळीचंच हे भावंड, फक्त इथे दोन्ही टोकं इंजिन ओढतं. जो कार्ब जास्त मिटलेला, त्याच्याकडे व्हॅक्यूम जास्त, म्हणून तेल त्याच्या बाजूला चढतं. प्रत्येक स्ट्रोकला तेल उड्या मारतं, म्हणून दोन्ही टोकांना बारीक भोकाचे जोड घातले.

टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटी) आधी तपासून घेतले होते, कारण ते चुकीचे असतील तर सिंकला अर्थ नसतो. टाकी उतरवून पेट्रोल वेगळ्या बाटलीतून दिलं, इंजिन गरम केलं, समोर पंखा लावला. तेल उजव्या बाजूला चढत गेलं आणि मोजपट्टीच्याही वर निघालं, तेव्हा घाईने इंजिन बंद केलं.

फळी आणि बिल घेऊन गॅरेजमध्ये गेलो. "साहेब, ही घरगुती नळी काय दाखवणार? आमच्याकडे गेज आहेत." व्हॅक्यूम मोजायचे ते गेज काढा म्हटलं तर ते दुसरीकडे गेलेले. नळीवरचा त्यांचा आक्षेप मात्र तपासण्यासारखा होता, आणि तो तिथेच तपासता येतो. दोन्ही टोकं टी-जोडाने एकाच निपलला लावली, तेल बरोबरीत उभं राहिलं. मग टोकांची अदलाबदल केली, तेल फळीवर दुसऱ्या बाजूने पण त्याच सिलिंडरकडे चढलं. नळीला आकडा सांगायचाच नसतो, फक्त दोघांत कोण जास्त ओढतं एवढं दाखवायचं असतं. उलट गेजच्या दोन घड्याळांत आपसात फरक असू शकतो. शिवाय पारा पाण्याच्या १३.६ पट जड, आणि तेल पाण्याहूनही हलकं. पाऱ्यात एक सेंटिमीटर दिसणारा फरक तेलात १५ सेंटिमीटरहून जास्त दिसतो.

मग सूर बदलला. "आम्ही कानाने करतो." कानाने जवळपास आणणारे जुने हात आहेत, हे मी मान्य करतो. कार्ब उतरवून बटरफ्लायखाली बारीक तार धरून फट सारखी करणारेही आहेत. पण कान कितीही तयार असला, तरी शेवटी स्क्रू फिरवावाच लागतो ना? रंगाच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं, तेव्हा सिंकचे पैसे परत आले.

किटचे आले नाहीत. जुने जेट, सुया, ओ-रिंग मागितल्या तर "कचऱ्यात गेल्या." फ्लोट बोलचे (कार्बखालच्या पेट्रोलच्या वाटीचे) स्क्रू जुनेच, त्यांची डोकीही न खरवडलेली, पण तेवढ्यावर आत काय झालं नाही हे सिद्ध करता येईना. आधीच बजावलं असतं तर गोष्ट वेगळी, असं त्यांनीच मला ऐकवलं.

सिंक घरीच केलं. उजवा कार्ब किंचित उघडताच तेल खाली आलं आणि स्लो एकदम भडकला, कारण आता दोन्ही सिलिंडर काम करत होते. तो बराच खाली आणावा लागला. निपलांवर नव्या टोप्या बसवल्या, जुन्या भेगाळलेल्या टोप्यांतून हवा शिरली की मिश्रण पातळ होतं.

तुमची गाडी अशा कामाला देणार असाल, तर आधी सिंक स्क्रू, निपलच्या टोप्या आणि फ्लोट बोलच्या एकेका स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि फोटो काढून ठेवा. जुने पार्ट परत हवेत हे जॉबकार्डवर लिहून घ्या. गाडी ताब्यात घेताना इंजिन पूर्ण गरम करून स्लोचा आरपीएम गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. चढा असेल, तर तो मॅन्युअलच्या आकड्यावर आणून चालवून दाखवायला तिथेच सांगा.