व्हिलफ्रान्श-सुर-मेर: गाव ५/५, वॉकिंग टूर २/५

मे महिन्यात इकडे भुसावळ ४५ डिग्रीत भाजत होतं तेव्हा आम्ही दोघं फ्रान्समध्ये नाइसला मुलाकडे होतो, तिथून लोकलने जेमतेम सात-आठ मिनिटांवर हे समुद्रकाठचं जुनं गाव, आणि पोराने हौसेने दोन तासांची वॉकिंग टूर ऑनलाइन बुक करून दिली.

गाइड पोरगी बोलायला गोड पण घाई भलतीच. रू ऑब्स्क्यूर म्हणून एक गल्ली आहे, तेराव्या शतकातली, १३० मीटर लांब, अख्खी घरांच्या पोटाखालून जाते. भर दुपारी आत दिवे लागलेले, आणि गारवा असा की थेट आमच्या गावचं धाब्याचं घर आठवलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडायचे तेव्हा गावकरी इथेच येऊन बसायचे म्हणे. एवढ्या गल्लीला आम्हाला मिळाली चार मिनिटं! मी भिंतीला हात लावून बघतोय तोवर ग्रुप पायऱ्या उतरून गायब. बायको म्हणाली, "अहो, हिची एसटी चुकतेय का?" तिथेच टूर सोडली.

मग आपल्या चालीने फिरलो. गावातला किल्ला सॅव्हॉयच्या ड्यूकने (तेव्हा या भागावर त्यांचं राज्य होतं) १५५७ मध्ये बांधायला घेतला, कारण १५४३ ला बार्बारोसा नावाच्या सरदाराचं तुर्की आरमार याच खाडीत येऊन थांबलं होतं. आता आत चक्क नगरपालिकेचं ऑफिस आहे. खंदक बघून पारोळ्याचा भुईकोट डोळ्यासमोर आला, आपल्याकडे खंदकात काय साचलंय ते लिहीत नाही, जाऊ द्या.

किल्ल्याच्या पायथ्याने पाण्यालगत वाट आहे ती जुन्या बंदरात, ला दार्सला निघते. टूरमध्ये हे नव्हतंच! नाइसचं बंदर १७४९ मध्ये खणायला घेतलं, त्याआधी ड्यूक लोकांचं आरमार इथेच असायचं. एक म्हातारा लाकडी होडी उलटी टाकून पत्र्याने जुना निळा रंग खरवडत बसला होता, खाली पापुद्र्यांचा ढीग, आम्ही अर्धा तास नुसतं तेच बघत बसलो. तापीकाठची माणसं आम्ही, होडी दिसली की पाय हलत नाही.

धक्क्यावरचं सेंट पीटरचं छोटं चॅपल चुकवू नका. मच्छीमार तिथे जाळी ठेवायचे, १९५७ मध्ये झाँ कोक्तो या फ्रेंच कवी-चित्रकाराने ते आतून रंगवलं. तिकीट आहे पण वसूल.

गुडघे दुखत असतील तर काठी घ्या, गावात पायऱ्याच पायऱ्या आहेत, चप्पल घालून तर अजिबात जाऊ नका. टूरवाल्यांना मेल टाकलाय, उत्तर आलं तर इथे लिहीन.

संध्याकाळी नाइसला परत येऊन सोक्का खाल्ला. हरभऱ्याच्या पिठाचा, ऑलिव्ह तेल घालून भट्टीत भाजतात, वरून मिरेपूड. बायकोचं मत: धिरडंच आहे, फक्त लसूण-मिरचीचा ठेचा घालायचा राहिलाय.